डॉक्टर खग्रासकडची मंडळी

‘कॅप्टन लखलख’ या मासिकाच्या कचेरीत तीन टेबलं होती. खिडकीपाशी मास्तर बसत. ते कॅप्टन लखलख आणि त्याचा वैरी डॉक्टर खग्रास या दोघांचीच चित्रं काढत, बाकी कशाला हात लावत नसत. मधलं टेबल संपादकबाईंचं. गोष्टी त्याच लिहायच्या, त्याच तपासायच्या आणि आवडल्या नाहीत तर स्वतःवरच ओरडायच्या. तिसरं टेबल दाराजवळ होतं. येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याला छत्री टेकवून ठेवी. तिथे गर्दीवाला बसायचा.

त्याला नाव होतं, पण ते हजेरीपुस्तकाबाहेर कोणी वापरत नसे. जे कॅप्टन लखलख नाही आणि डॉक्टर खग्रासही नाही, ते सगळं काढणं हे त्याचं काम. कोसळणारा पूल, पुलावरून पळणारी माणसं, बसमधून डोकावणारे प्रवासी, कबुतरं. आणि मुख्य म्हणजे डॉक्टर खग्रासची सेना.

डॉक्टर खग्रासची एकच इच्छा होती. एका प्रचंड यंत्राने सूर्य झाकून टाकायचा. एवढं यंत्र एकट्याने हलत नाही, त्यामुळे त्याच्या गुहेत माणसं खूप असत. अंगभर काळा पोशाख, छातीवर चंद्रकोर. दर महिन्याला ती ओरडत बाहेर यायची आणि चार पानांत मार खाऊन आडवी व्हायची. कॅप्टनची मूठ मास्तर जीव ओतून काढत. ती मूठ जिथे लागते तो जबडा मात्र गर्दीवाल्याकडे.

अकरा वर्षांत त्याने या सगळ्यांसाठी एकच चेहरा बेतला होता. चौकोनी हनुवटी, ठिपक्याएवढे डोळे, तोंड उघडं. तो चेहरा त्याला डोळे मिटूनही जमायचा, आणि महिनाअखेरीला तो कधीकधी खरंच डोळे मिटून काढायचा. कोणाची तक्रार नव्हती. मग एक पत्र आलं.

संपादकबाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

“स. न. वि. वि. मी तेवीस वर्षं प्रसूती विभागात परिचारिका आहे. जुळी पाहिली, तिळी पाहिली. परंतु आपल्या गेल्या अंकात पान सातवर एकाच तोंडवळ्याचे त्रेचाळीस इसम आहेत. मी दोनदा मोजले. त्या माउलीचं दर्शन घेण्याची इच्छा आहे. कृपया पत्ता कळवावा.”

मास्तर इतके हसले की त्यांच्या हातातला ब्रश कॅप्टनच्या गालावर टेकला आणि कॅप्टनला मस उगवला. संपादकबाई मात्र हसल्या नाहीत.

“गर्दीवाले, बाईंचं बरोबर आहे हो. पुढच्या अंकापासून प्रत्येकाला वेगळं तोंड.”

“प्रत्येकाला? किती जणांना?”

“गुहेतली मोठी लढाई आहे. साठ धरा.”

“साठ तोंडं? गुरुवारपर्यंत?”

“देवाने इतकी केलीच ना?”

“देवाला गुरुवारची मुदत नव्हती,” गर्दीवाला म्हणाला. पण ते त्याने छत्र्यांकडे बघून म्हटलं, त्यामुळे कोणाला ऐकू गेलं नाही.

घरी येऊन तो जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसला. पहिली सात तोंडं काढली. सातही जुन्याच चेहऱ्याची सख्खी भावंडं निघाली. आठव्याला त्याने जोर लावून वेगळं नाक दिलं, तर तो थेट चहाच्या किटलीसारखा दिसायला लागला.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बघणं हाच तिचा धंदा होता. तिने मागे उभं राहून किटली पाहिली.

“अहो, नाक असं मनातून काढायचं नसतं. रोज पन्नास नाकं बघते मी, एकासारखं दुसरं नसतं. समोर बघून काढा.”

“समोर कोण बसणार? साठ जण?”

तिने जरा विचार केला, स्टूल घेतलं आणि कपाटावरचा लांबलचक फोटो खाली काढला. त्यांच्या लग्नातला. दोन्हीकडची माणसं चार रांगांत उभी होती, उजवीकडे मुलाकडची, डावीकडे मुलीकडची. तिने पदराने काच पुसली.

“बासष्ट आहेत. तुम्हाला-मला वजा केलं की झाले साठ.”

“अगं, ही आपली माणसं आहेत!”

“मग काय झालं? शिरस्त्राण घाला की डोक्यावर. ओळखतंय कोण!”

त्याला ते पटलं, कारण न पटून चालणार नव्हतं. त्याने भराभरा काढायला घेतलं आणि गंमत म्हणजे हात थांबेना. थोरल्या काकांचे कान शिरस्त्राणात मावेनात, तेव्हा त्याने शिरस्त्राणाला भोकं पाडली. मेव्हण्याच्या मिशा आल्या, चुलत सासूबाईंची दोन हनुवट्यांची बैठक आली. फोटोत सव्वीस बायका होत्या. त्यांनाही चंद्रकोर लावून भरती केलं. खग्रासकडे याआधी एकही बाई नव्हती.

सगळ्यात शेवटी त्याने सासरे काढले.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. कागदाच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. फोटोत ते मधोमध ताठ उभे होते, आणि चेहरा असा की लग्न चालू असताना कुठेतरी यंत्रातून वेगळाच आवाज आलाय आणि तो फक्त त्यांनाच ऐकू गेलाय. स्थळ बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “मुलगा चित्रं काढतो ते कळलं. पण करतो काय?” त्यानंतर नऊ वर्षं ते दर रविवारी येत, चहा घेत, न गळणारा नळ उघडून परत बसवत आणि जात. जावयाशी बोलणं म्हणजे “बरं आहे ना?” आणि “येतो.”

अण्णांना कोणाच्या गुद्द्याखाली टाकायची गर्दीवाल्याची छाती झाली नाही. त्याने त्यांच्या हातात पाना दिला आणि डॉक्टर खग्रासच्या मागे, सूर्य झाकायच्या यंत्रापाशी उभं केलं.

अंक बाहेर पडला. चौथ्या दिवशी सकाळी थोरले काका अंकाची सुरळी करून, ती दंडुक्यासारखी धरून दारात उभे राहिले. हे वडिलांचे थोरले भाऊ. शाळा-तपासनीस म्हणून आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरात शिरतानासुद्धा आधी भिंती तपासायचे.

“हा कोण?” त्यांनी पान नऊ उघडून बोट ठेवलं.

“खग्रासचा माणूस आहे, काका.”

“आणि हे कान कुणाचे?”

गर्दीवाल्याने पान उलटायचा प्रयत्न केला.

“चार पिढ्या आहेत हे कान आपल्या घराण्यात. न्हाव्याने ओळखले! दाढीला साबण लावलेला असताना त्याने मला हे पान दाखवलं!”

“चुकलं माझं, काका. गुंडांत तुम्हाला—”

“गुंडांचं राहू दे! एका गुद्द्यात? मी? मला मूठ लागलेलीसुद्धा दिसत नाही, नुसता वारा लागलाय, आणि मी आडवा! अरे, विहिरीत पडलेला रेडा काढलाय मी तरुणपणी!”

काकांनी पान गर्दीवाल्याच्या नाकाशी आणलं.

“आणि आता नीट बघ. हा आडवा कोण? तुझा बाप. हा? धाकटा काका. ही आत्या, हा आत्येभाऊ. पडलेले सगळे आपल्याकडचे. आणि उभे कोण आहेत? सगळे तिच्याकडचे! लग्नात पहिल्या रांगेतल्या खुर्च्या बळकावल्या होत्या, तशा इथेही चांगल्या जागा धरून बसलेत!”

झालं होतं ते साधंच. फोटोत मुलाकडचे उजवीकडे होते आणि कॅप्टन लखलख भिंत फोडून नेहमी उजवीकडूनच यायचा, कारण मास्तरांना त्याची तीच बाजू चांगली जमायची. पण हे काकांना समजावणार कोण?

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “काका, आमच्याकडच्यांनी काय त्या कॅप्टनला आमंत्रण धाडलं होतं?”

“तू मध्ये बोलू नकोस, सूनबाई. चहा टाक.”

त्या दिवसापासून फोनला उसंत नव्हती. आत्याला आपण जाड दिसतो असं वाटत होतं. चुलत सासूबाईंना हातातला भाला नको होता, मशाल हवी होती. मावशी तर रडायलाच लागली. फोटो काढायच्या वेळी तिची एक चप्पल सापडत नव्हती म्हणून ती फोटोत नव्हती आणि म्हणून सेनेतही नव्हती. “परक्यासारखं टाकलंस रे मला,” ती म्हणाली. “मी काय खग्रासला नको होते?” मेव्हणा गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता. त्याने आपलं पान काचेखाली घालून गल्ल्यामागे टांगलं आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागला, “सध्या खग्राससरांकडे असतो. हे आपलं दिवसाचं.”

गप्प होते ते एकटे अण्णा. रविवारी आले, चहा घेतला, नळ उघडून बसवला. जाताना दारात थांबले, जावयाकडे बघितलं, तोंड उघडलं, परत मिटलं.

“येतो,” म्हणाले.

“अण्णांनी बघितलाय अंक,” बायको म्हणाली. “त्यांच्या खिशातून डोकावत होता.”

“मग बोलले का नाहीत?”

“त्यांना बोलायला वेळ लागतो हो. माझं नाव ठेवायलाही त्यांना चार महिने लागले होते.”

इकडे कचेरीत पत्रांचा ढीग पडायला लागला. कॅप्टनबद्दल एक अक्षर नाही, सगळी चौकशी सेनेची. ते मोठ्या कानांचे आजोबा शुद्धीवर आले का? दोन हनुवट्यांच्या बाईंनी भाला का धरलाय? ही माणसं मुळात खग्रासकडे येतात कुठून? मास्तर ती पत्रं उलटी करून त्यांवर ब्रश पुसायचे. संपादकबाईंनी मात्र विशेषांक जाहीर केला. विषय, सेनेचा उगम.

“माझ्या डोक्यात पक्कं आहे,” त्या म्हणाल्या. “गुहेच्या तळाशी हिरव्या पाण्याच्या टाक्या. त्यात माणसं पिकतात. बुडबुडे येतात, झाकण उघडतं, आणि एकेक जण बाहेर. ना आई, ना बाप, ना घर.”

“मग चेहरे वेगळे कसे?” गर्दीवाल्याने विचारलं.

“वेगवेगळी पाणी!”

त्याने हे जेवताना बायकोला सांगितलं. बायकोने भावाला, भावाने गादी बघायला आलेल्या आत्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी साठही जणांना कळलं होतं की आपण टाकीत जन्मलो.

मंगळवारी अकराच्या सुमारास कचेरीचं दार उघडलं आणि माणसं आत यायला लागली. सतरा होती. खुर्च्या तीन. गर्दीवाल्याच्या टेबलाला टेकलेल्या छत्र्या एकेक करून खाली पडल्या. सगळ्यांत पुढे थोरले काका.

“संपादक कोण?”

“मी,” संपादकबाई उठून उभ्या राहिल्या. समोर शाळा-तपासनीस आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी नकळत हात मागे घेतले.

“टाकीत जन्मलो म्हणे आम्ही. माझी आई पहाटे उठून अकरा माणसांचं करायची, आणि तुम्ही तिला पुसून टाकता? टाकी!”

“अहो, गोष्ट आहे ती. कोणीतरी कुठूनतरी यायला हवं ना.”

“मग आम्हाला विचारा!” मावशी मागून म्हणाली. खरं तर तिचा काही संबंध नव्हता, पण तिने येताना स्वतःच पुठ्ठ्याची चंद्रकोर कापून छातीला लावली होती.

मास्तरांना राहवेना. ते खिडकीपासून ओरडले, “काय विचारायचंय त्यात! खग्रासची माणसं म्हणजे नुसती गर्दी. मार खायला ठेवलेली!”

काका सावकाश वळले. “गर्दी म्हणजे कोण हो? तुम्ही बसस्टॉपवर उभे असता तेव्हा लांबून कोण दिसता? कॅप्टन लखलख?”

मास्तर रोज बसनेच यायचे. ते खाली बसले.

संपादकबाई शेवटी हाडाच्या लेखिका होत्या. त्यांनी वही ओढली. “बरं, सांगा. एवढी चांगल्या घरची माणसं तुम्ही. डॉक्टर खग्राससारख्या माणसाकडे का जाल?”

सतरा जण एकमेकांकडे बघायला लागले. याचा विचार कोणी केला नव्हता.

“मी जाईन,” काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला होता. “निवृत्त झाल्यापासून घरात मला कोणी काही विचारत नाही. टीव्हीचा आवाजसुद्धा मला न विचारता कमी होतो. खग्रास निदान माझ्याकडे बघून ‘पकडा त्याला!’ म्हणतो.”

“माझं असं,” मेव्हणा म्हणाला, “दिवसभर लोक गादीवर लोळून बघतात आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणून जातात. खग्राससर विचार करत नाहीत. सकाळी ठरवतात, दुपारी हल्ला. मला ते आवडतं.”

“सुटायचं किती वाजता?” आत्याने विचारलं. “आणि गुहा कुठे आहे? घराजवळ असली तर मी बघेन.”

“हे गेले म्हणून मी जाईन,” चुलत सासूबाई म्हणाल्या. “एकट्यांना पाठवून चालत नाही. मोजे विसरतात.”

“एक जण चिकटला की बाकीचे त्याच्या ओळखीने लागतात,” मागून कोणीतरी म्हणालं. “आमच्या मोठ्याने माझ्यासाठी शब्द टाकला असणार.”

“आणि सूर्य झाकायचा बेत? तो पसंत आहे?” संपादकबाईंनी विचारलं.

“ते वरच्या लोकांचं,” मेव्हणा म्हणाला. “आमच्यापर्यंत येत नाही.”

संपादकबाईंचं पेन धावत होतं. इतक्यात दारातली माणसं बाजूला झाली आणि अण्णा आत आले. ते या मंडळींबरोबर आलेच नव्हते. धुतलेला शर्ट, खिशात चष्म्याची पेटी, हातात अंक आणि मोजपट्टी. गर्दीवाला उभा राहिला, आणि उभा राहताना त्याने शाईची बाटली सांडली.

अण्णांनी चष्मा लावला. पान उघडलं.

“जावईबापू, हे यंत्र कोणी काढलं?”

“मी. यंत्रंही माझ्याकडेच असतात, अण्णा.”

“याला तेल कुठून घालायचं?”

गर्दीवाल्याने पाहिलं. तेल घालायला कुठेच जागा नव्हती. अकरा वर्षं ते यंत्र कोरडंच चाललं होतं.

“हे दातेरी चाक उघडं आहे. जाळी नाही. त्याच्या शेजारी मी उभा आहे, आणि माझी बाही सैल आहे.” अण्णांनी मोजपट्टी चित्रावर ठेवली. “चाकापासून एवढ्यावर. एका फेऱ्यात हात गेला.”

“अण्णा, मी—”

“चौतीस वर्षांत माझ्या हाताखाली एका माणसाचं बोट गेलं नाही. एकाचंही. आणि तुम्ही मला असल्या यंत्रापाशी उभं केलंत. पाना हातात देऊन.” त्यांनी अंक मिटला. “कारखान्यातल्या दोघांचे फोन आले. म्हणाले, अण्णा, हे काय? मी काय सांगू त्यांना?”

एवढं लांब ते नऊ वर्षांत बोलले नव्हते. त्यांची मुलगी तिथे असती तर तिला बसायला खुर्ची लागली असती.

माणसाला गुंड केलं याचं काही नाही, पण त्याचं काम बिघडवलं, हे गर्दीवाल्याला एकदम कळलं. आपण काढलेला पूल कोणी वाकडा छापला तर आपल्याला जे होतं, तेच.

“चुकलं, अण्णा,” तो म्हणाला. “कसं हवं होतं? दाखवा ना.”

अण्णांनी इकडे तिकडे बघितलं. दाराजवळच्या टेबलावर शाई वाहत होती. ते सरळ खिडकीपाशी गेले. “इथे उजेड बरा आहे. जरा उठता का?” त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तर का उठले हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

बाकीची मंडळी पांगली, काही जिन्यात बसून राहिली. सासरे-जावई पाच वाजेपर्यंत त्या टेबलावर वाकलेले होते. अण्णा पेन्सिलीने जाड्या रेघा मारायचे, जावई त्या नीट करायचा. चाकाला जाळी बसली. तेलाला भोक, भोकाला टोपण. वर जायला शिडी, शिडीला कठडा. बसून काम करायला दोन स्टुलं. डबे टांगायला खुंट्या. बाह्या सगळ्या आवळल्या गेल्या.

“माणसाला शेवटपर्यंत दिसायला हवं की हे बंद कुठून करायचं,” अण्णा म्हणाले. “लाल खटका. मोठा.”

मग त्यांनी पेन्सिल ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवला.

“पण हे करतं काय?”

“सूर्य झाकतं.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

अण्णांनी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघितलं.

“मग आम्ही काम करायचं कोणत्या उजेडात?”

एवढ्या अंकांत हा प्रश्न ना कॅप्टनने विचारला होता, ना खग्रासने, ना मास्तरांनी. संपादकबाईंनी पुढ्यातली टाकीची गोष्ट उचलली, चारदा फाडली आणि कोरा कागद ओढला.

विशेषांकाची गोष्ट त्यांनी दोन दिवसांत लिहिली. पहिल्या पानांत माणसं एकेक करून गुहेत कामाला लागतात. कोणी घरात करमत नाही म्हणून, कोणी नवऱ्यामागून, कोणी ओळखीने. मावशीला हजेरी घेणारी केलं होतं. मग यंत्र तयार होतं. डॉक्टर खग्रास हात वर करून ओरडतो, “आता अंधार!” आणि पाना हातात धरलेला म्हातारा फिटर त्याला तोच प्रश्न विचारतो.

“अंधारात करा!” खग्रास किंचाळतो.

“अंधारात काम करायची आपल्याकडे पद्धत नाही,” फिटर म्हणतो, पाना खिशात घालतो आणि लाल खटका दाबतो. साठ माणसं शिरस्त्राणं काढून खाली बसतात आणि डबे उघडतात. तेवढ्यात उजवीकडची भिंत फोडून कॅप्टन लखलख येतो, मूठ वळलेली, आणि बघतो तर मारायला कोणी उभंच नाही. हजेरीवाली मावशी त्याला म्हणते, “आलात? बसा. जेवलात का?”

अडलं ते शेवटच्या चित्राशी. कॅप्टन त्या पंगतीत बसलेला हवा होता. मास्तरांनी साफ नकार दिला. “तो बसत नाही! तो कधीच बसलेला नाही!” म्हणून ते दोन दिवस फुगून राहिले. तिसऱ्या दिवशी, संपादकबाई बाहेर गेल्यावर, ते हळूच दाराजवळच्या टेबलापाशी आले. एक छत्री उचलली, परत ठेवली.

“गर्दीवाले, एक विचारू? माणूस बसला की गुडघे कुठे जातात हो?”

अकरा वर्षं मास्तरांनी फक्त उडणारी आणि उभी माणसं काढली होती. गर्दीवाला हसला नाही, याचं त्याला पुढे फार बरं वाटलं. त्याने स्वतःच जमिनीवर मांडी घालून दाखवली, मग एक पाय उभा करून दाखवला, मग भिंतीला टेकून. मास्तर उकिडवे बसून काढत राहिले. खोडलं, परत काढलं. कॅप्टनच्या पाठीवरचा झगा मांडीखाली अडकतो हे लक्षात आल्यावर त्यांनी तो काढून खुंटीवर टांगला.

अंक निघाला. काही वाचक रागावले. सबंध अंकात एकच गुद्दा, तोही भिंतीला, असं एकाने लिहिलं. पण बाकीची पत्रं पोत्याने आली, आणि संपादकबाईंनी मंडळींना दर अंकात दोन पानं कायमची देऊन टाकली. लढाया पुन्हा सुरू झाल्या, कारण खग्रासला दुसरं यंत्र सुचलंच. मात्र आता आडवं कोणी पडायचं याची पाळी लागली. तो तक्ता थोरले काका करायचे, एक मुलाकडचा, एक मुलीकडचा, आणि स्वतःच्या पाळीला ते किमान तीन गुद्दे लिहून घ्यायचे. मावशीने पुठ्ठ्याची चंद्रकोर काढून कापडाची शिवली.

अण्णा दर मंगळवारी कचेरीत यायला लागले. संध्याकाळी जावयाबरोबर चालत परत जायचे. फारसं बोलणं नसायचं. एकदा वाटेत नव्या इमारतीचं काम चाललेलं दिसलं. उंच क्रेन एक तुळई उचलत होती, आणि खाली दहा-बारा माणसं माना वर करून उभी. अण्णा थांबले. गर्दीवालाही थांबला. एक माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता, दुसरा जांभई देत होता, एकाने हेल्मेटमध्ये पेरू ठेवला होता आणि तो हेल्मेट डोक्यावर घालायला विसरला होता. गर्दीवाल्याने खिशातून वही काढली.

“हेल्मेट घाल की रे!” अण्णा तिथूनच ओरडले.

त्या माणसाने दचकून हेल्मेट डोक्यावर घातलं. पेरूसकट.

मुकादम फाटकापाशी आला. “काय हवंय काका? कोणाला भेटायचंय?”

“कोणाला नाही,” अण्णा म्हणाले. “आम्ही दोघं बघतोय. चालू द्या तुमचं.”